पणजीने गुडघे टेकले

"'छान आहे तसं' म्हणालीस? त्या चित्राला?" पर्लिताने कपाळाला हात लावला.

तिची थोरली बहीण लुदिविना जन्मभर फिलिपिन्समधल्या मालोलोसच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. परदेशातल्या एका कंपनीच्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये त्यांची तागालोग भाषा बोलणारी एक लढवय्यी बाई येणार होती, आणि तिच्यासाठी ताईने आपल्या पणजीची गोष्ट दिली होती. सेब्या पणजी. स्पॅनिशांविरुद्ध उठाव झाला तेव्हा सुक्या मासळीच्या टोपलीत कोयते लपवून चौकीवरून नेणारी. पाद्र्याने शेत बळकावलं तरी त्याच्यापुढे न वाकलेली. आणि गेममध्ये काय, तर हरली की त्याच पाद्र्यासमोर गुडघे टेकून तागालोगमध्ये माफी मागायची.

"अगं, त्याचा अर्थ 'नाही' असाच होता," ताई म्हणाली. "कुणालाही कळलं असतं."

"आपल्यातल्या कुणालाही. त्या कंपनीच्या सोरेनला कसं कळणार? तोंडावर नाही म्हणायला जीभ झडते का तुझी?"

"बिचारा एवढा राबतो. त्याला वाईट वाटेल."

"आणि पणजीला वाटलेलं चालेल."

आता या बाईला काय म्हणावं. दुपारी शेवटची बैठक होती, ताईने मान डोलावली की काम पक्कं. सोरेन पडद्यावर आला. मग पणजी आली, कोसळली, पाद्र्याचा हात धरून रडली. ताई सवयीने हसू लागली तशी पर्लिताने टेबलाखालून तिला सणसणीत चिमटा काढला.

"नाही," ताई म्हणाली. "हे चालणार नाही. ती गुडघे टेकणार नाही."

सोरेन कानापर्यंत लाल झाला. "मी तुमचा अपमान केला का?" असं पुटपुटत त्याने पर्लिताकडे पाहिलं. "तुमच्या ताई रागावल्यात? हे खरंच बदलायला हवं?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पण माणूस रडकुंडीला आलेला, आणि पर्लिताचं तोंड आपोआप हसरं झालं. "छे हो," ती म्हणाली, "दमलीय ती. जमलं तर बघा, नाहीतर राहू दे."

सोरेनचा जीव भांड्यात पडला. मग आहे तसंच ठेवतो म्हणाला, दोघींचे आभार मानले आणि गेला.

ताई काळ्या पडद्याकडून पर्लिताकडे वळली.

"मी 'नाही' म्हटलं होतं, पर्लिता," ती म्हणाली.