हाकेची वाट

"उचल!" एर्लंड ओरडला. "उचल, लेका!"

वेंडलने गळाची काठी उचलली. दोरी मोकळीच हवेत आली.

"गेला," वेंडल म्हणाला.

"हात जड झालाय तुझा. रात्री बियर जरा कमी ढोसत जा."

"मी रात्री दूध पितो. पोरीनं बियर बंद केलीय माझी."

"मग दूध बंद कर!"

होडीत पुढच्या खुर्चीवर गिऱ्हाईक वेंडल, मधल्या बाकावर वल्ही धरून वाटाड्या एर्लंड. बिग होल नदीवर कित्येक उन्हाळे दोघांची हीच बैठक. वेंडलचं नेब्रास्कात टायरचं दुकान होतं. ऑगस्टमध्ये तो एक आठवडा यायचा, आणि एर्लंड अख्ख्या वर्षात त्या एका आठवड्याची वाट पाहायचा. बाकीची गिऱ्हाइकं यायची, माशाबरोबर फोटो काढायची आणि त्याचं नाव विसरून जायची. बायको फार पूर्वीच स्पोकेनला निघून गेली होती. तिला तरी काय बोल लावणार? हिवाळाभर घुम्यासारखा बसून गळावर पिसं बांधणाऱ्या माणसापाशी कोण राहील!

ऑगस्टात गळावर बांधायचा तो नाकतोडा. हरणाच्या केसांचा, खोटा, पण पाण्यावर खऱ्यासारखा वाहत जाणारा. ट्राउट खालून वर येतो, तोंड उघडतो, आणि ते मिटलं की काठी उचलायची. जरा आधी उचलली तरी मासा गेला, जरा उशिरा उचलली तरी गेला. तो क्षण हेरायचं काम एर्लंडचं. त्याने 'उचल' म्हणायचं आणि वेंडलने उचलायचं, असा दोघांचा शिरस्ताच पडून गेला होता.

पण या वसंतापासून एर्लंडच्या नजरेच्या ऐन मधोमध एक धुरकट डाग बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, काठ, खडक, आभाळ. ज्याच्याकडे रोखून पाहावं तेवढंच नेमकं पुसलं जायचं. डाग वाढत जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याने कुणापाशी ब्र काढला नव्हता. गळाच्या नेढ्यात दोरा ओवायची वेळ होडीत येऊ नये म्हणून तो घरीच भिंगाखाली नाकतोडे दोऱ्याला बांधून आणायचा. सकाळपासून तो 'उचल' म्हणत होता ते मासा पाणी फोडतो त्या आवाजावर, आणि आवाज कानी येईपर्यंत उशीर झालेला असायचा. वेंडलला कळलं तर हा आठवडाही हातचा जाईल, ही भीती त्याला खात होती. म्हणून थट्टा जरा जास्तच चालली होती.

पाणी तापलं होतं. असल्या दिवसांत दुपारी दोनला सगळ्यांनीच दोरी गुंडाळायची असते. पकडलेला मासा परत सोडायचाच असतो, पण कोमट पाण्यात दमलेला मासा सोडून दिला तरी वाचत नाही. आता शेवटचं वळण तेवढं उरलं होतं. तिथे विलोच्या मुळांखाली एक जुना तपकिरी ट्राउट राहायचा, आणि तो दोघांनाही आजवर चकवत आला होता.

एर्लंडने वल्ही रोवून होडी थोपवली. वेंडलने दोरी फेकली, अगदी हळुवार. नाकतोडा कुठे पडला ते एर्लंडला दिसलं नाही. वाऱ्याने विलो सळसळत होते, त्यामुळे पाण्याचा आवाजही येईना. समोर वेंडलची पाठ ताठ झाली, तशीच राहिली, आणि मग हळूहळू सैल पडली.

"आला नाही का?" एर्लंडने विचारलं.

"आला होता."

"कधी?"

"आत्ताच. सावकाश वर आला, नाकतोडा तोंडात घेतला, चघळला आणि थुंकून टाकला. डोकं माझ्या बुटाएवढं होतं, एर्लंड."

"मग उचललं का नाहीस, गाढवा?"

वेंडलने मागे वळून पाहिलं नाही. "तू म्हणाला नाहीस."

एर्लंडच्या हातातली वल्ही सैल पडली. होडी आपोआप वाहू लागली.

"सकाळचे ते सगळे? तेही दिसत होते तुला?"

"दिसत होते ना. मी काही आंधळा..." वेंडलने जीभ चावली.

एर्लंडने वल्ही पुन्हा पाण्यात घालून होडी धक्क्याकडे वळवली. एवढी माया एर्लंडवर कुणी केली नव्हती, आणि एवढी लाजही त्याला कधी वाटली नव्हती.

धक्क्यावर होडी वर ओढताना वेंडल दर वर्षी विचारायचा, 'पुढच्या साली हाच आठवडा ना?' आज त्याने तोंड उघडायच्या आत एर्लंडच म्हणाला, "पुढच्या साली तू मर्नाबरोबर जा. तीही गिऱ्हाइकं घेऊन जाते, नदी चांगली माहितीय तिला. नजरही तिखट आहे."

आता वेंडलने एक सणसणीत शिवी हासडावी, 'गप बस, म्हाताऱ्या' म्हणावं, असं एर्लंडला फार वाटत होतं. पण वेंडल बूट उपडा करून पाणी काढत राहिला. मग दुसराही बूट काढला, त्यात तर पाणी नव्हतंच.

"बरं," तो म्हणाला. "नंबर दे तिचा."

एर्लंडने नंबर सांगितला. "ती बडबड फार करते, सांगून ठेवतो. आणि हाक जरा लवकर देते. तू आपला थोडा थांबून उचल."

"थांबेन की."

वेंडलने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तो गाडीत जाऊन बसला.

खडीच्या रस्त्यावरून गाडी निघाली. गवताची शेतं संपतात तिथल्या वळणावर वेंडल दर वर्षी काच खाली करून हात बाहेर काढायचा. एर्लंड तिकडे रोखून पाहू लागला, तर गाडी असायला हवी तिथे डाग. चाकांचा आवाज विरून गेला. वेंडल वळणावर थांबून हात हलवतोय की केव्हाच निघून गेलाय, ते त्याला कळेना. थांबला असेल तर वाईट दिसायला नको, म्हणून तो वळणाकडे तोंड करून हात हलवत राहिला.