पाच ऑगस्टचा डोमा

मी मोहर्लीत वाघांचे फोटो मोजते. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं आमच्या संस्थेचे लोक आणून देतात आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक फोटोवरची तारीख वाचून नोंद करतो. घर चंद्रपुरात, खोली इथं. चहावाला सोडला तर दिवसभर कुणाशी बोलणं नाही. मला एकटीनं राहणं जमतं, असं मी अम्मीला सांगते. साफ खोटं आहे ते.

मागच्या वर्षी आठ मेला गावातला डोमा जंगलात गेला, तो परतलाच नाही. शोधून शोधून सगळे थकले. वाघानं नेला म्हणत गाव त्याचे दिवस करायला निघालं होतं. तेवढ्यात ऑगस्टअखेर आलेल्या एका कार्डात मला डोमा दिसला. फोटोवर तारीख ०५/०८. पाच ऑगस्ट! माणूस तीन महिन्यांनंतरही जिवंत. मी फोटो छापून धावत त्याच्या बायकोकडे, मंगलीबाईकडे गेले. तिनं दिवस थांबवले. तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवते. ती अंबाडीची भाजी अन् भात वाढते, मी नव्या कार्डांत डोमा दिसला का ते सांगते. दिसलेला नसतोच.

माझ्या प्रोग्रॅमला एक खोड होती. उघडलेला फोटो तो सोडायचाच नाही. मेमरी भरली की अर्ध्या कार्डातच आडवा व्हायचा, आणि मी चिडून पुढचं कार्ड घालायची. या आठवड्यात अखेर माझी मलाच लाज वाटली. तारीख वाचून झाली की फोटो मेमरीतून सोडून द्यायचा, एवढंच तर करायचं होतं. ते केलं आणि जुनी कार्डं पुन्हा चालवली.

डोमाचं कार्ड या वेळी पुढे गेलं आणि ०५/१३ वर अडलं. तेरावा महिना नसतो. त्या कॅमेऱ्यात महिना आधी आणि दिवस नंतर लावलेला होता. म्हणजे डोमाचा फोटो आठ मेचा, तो गेला त्याच दिवसाचा.

माझ्या आळसापायी एक बाई इतके महिने मेलेल्या नवऱ्याची वाट पाहत बसली. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. आणि खरं सांगायचं तर, हे कळल्यावर ती मला दारात उभं करणार नाही, याचीच भीती जास्त वाटली.

रविवारी गेले आणि ताट वाढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मंगलीबाईनं शांतपणे पेटीतून फोटो काढला.

"त्याच्या डोक्यावर काय हाय, पाय."

मी आजवर फक्त चेहरा पाहिला होता. डोक्यावर पानांचा मोठा गठ्ठा होता.

"बिडीचा तेंदूपत्ता हाय तो, भर उन्हाळ्यातला. आगस्टात कोण तेंदूपत्ता तोडते? अन् मांगचा साग पाय, एक पान नाई त्याले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तू देल्ला त्याच दिवशी. म्हणून तं कोनाले फोटो दाखोला नाई."

"मग बोलला काऊन नाही, बाई?"

तिनं भाताचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

"बोललो असतो तं दिवस झाले असते. मंग तू कायले आली असती?"

मी रडायला लागले. तिनं माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "आता करून टाकू त्याचे दिवस. मी गावाले सांगतो."

"कधी?"

"तू सांग. तुले ज्या दिवशी सुट्टी असंल, त्या दिवशी."