यातला एक डोळा आमचा

"काका, बजेट बारा हजार म्हणताय ना? मग रेडिमेड टेम्प्लेट घ्या. कस्टम साइट पंचेचाळीसच्या खाली होतच नाही," अनिरुद्ध लॅपटॉप त्यांच्याकडे वळवत म्हणाला.

रेडिमेड म्हटल्याबरोबर सुखदेव ओव्हाळांच्या कपाळावर आठी पडली. या शब्दाशी त्यांचं जुनं वैर. ते कृत्रिम डोळे बनवत. आधी सरकारी दवाखान्यात, मग हडपसरला गाडीतळामागच्या एका खोलीत. खोबणीचं माप मेणात घ्यायचं, बुबुळ हातानं रंगवायचं, पांढऱ्यावर तांबड्या रेशमाचे धागे शिरांसारखे बसवायचे. बाजारात डबीतले तयार डोळे मिळत. ते मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सुखदेव सांगत, "घ्या की. एक डोळा समोरच्याकडे बघेल, दुसरा पीएमटीच्या स्टॉपकडे."

पण आताशा दवाखानेच डबीतले डोळे देऊ लागले होते. महिन्यातून दोन माणसं जिना चढली तरी खूप. लोक आता सगळंच इंटरनेटवर शोधतात, असं शेजारच्या अनिरुद्धनं सांगितलं, म्हणून त्यालाच त्यांनी बोलावलं होतं. तो खराडीला वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत होता. वेबसाइटनं काही हललं नाही, तर दिवाळीला खोली सोडायची, असं सुखदेवांनी ठरवलं होतं. त्या विचारानं झोप उडाली होती.

"कस्टम म्हणजे तुमच्या मापाची. टेम्प्लेट म्हणजे साचा सगळ्यांना एकच, फक्त नाव आणि फोटो तुमचे."

"म्हणजे डबीतला डोळा."

"तसंच समजा. पण गॅलरी मस्त आहे. बिफोर-आफ्टर फोटो टाका, कस्टमरला लगेच ट्रस्ट येतो. ऑफर शनिवारपर्यंतच आहे हां."

दोन दिवस सुखदेवांच्या पायाला भिंगरी लागली. फोटोसाठी जुन्या गिऱ्हाइकांना फोन झाले. बँकेतल्या सर्जेरावांनी आवाज ओळखला आणि राँग नंबर म्हणून ठेवून दिला. कॅम्पातल्या शाळेत फरहत मॅडम शिकवत. त्यांना भेटायला ते ऊन डोक्यावर घेऊन गेले.

"ओव्हाळसाहेब, नऊ वर्षं झाली. शाळेत कुण्णाला ठाऊक नाही. तुम्हीच लपवलंत, आता तुम्हीच दाखवणार?" मॅडम हसल्या, चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या. बोलायला जागाच ठेवली नाही बाईंनी. काम थोडं वाईट केलं असतं तर निदान दाखवता तरी आलं असतं, असं मनाशी म्हणत ते बसमध्ये चढले.

शुक्रवारी संध्याकाळी ते घरात येरझाऱ्या घालत होते. त्यांची बायको हिरा मेथी निवडत बसली होती.

"बसा की वाईच. फरशी झिजंल."

"एकही माणूस फोटो देईना. टाकू काय गॅलरीत?"

"माझा टाका."

सुखदेव थांबले. हिराच्या अठराव्या वर्षी मांजरी गावातल्या शेतात उसाचं पातं तिच्या डाव्या डोळ्यात गेलं होतं. दवाखान्यात तिचा डोळा सुखदेवांनी केला. माप चुकलं म्हणून तिला चारदा बोलावून घेतलं आणि पाचव्यांदा सरळ मागणी घातली. या गल्लीत मात्र यातलं अक्षर कुणाला माहीत नव्हतं.

"बिफोर लागतं, हिरा," ते कसेबसे म्हणाले.

तिनं पाठ फिरवली, डोळा काढून वाटीतल्या पाण्यात ठेवला आणि वळून समोर बसली. सुखदेवांनी शेकडो रिकाम्या खोबणी पाहिल्या होत्या. आज मात्र त्यांनी उचललेला मोबाइल खाली ठेवला. फार लाज वाटली त्यांना, स्वतःची.

"लाव तो. मला नाही जमत."

"मग?"

"लाव, आणि माझ्याकडे बघ." त्यांनी एकच फोटो काढला.

शनिवारी ते अनिरुद्धला म्हणाले, "तुझं टेम्प्लेटच घेऊ. पण गॅलरी काढ. हा एकच फोटो टाक, मोठा. खाली लिही, यातला एक डोळा आमचा."

"काकू?" अनिरुद्ध लहानपणापासून हिराच्या हातचं जेवला होता. त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "कुठला, काका?" कोपऱ्यात चहा गाळणाऱ्या हिराकडे थेट बघायचा धीर काही त्याला झाला नाही.

महिन्याभरात अकरा फोन आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच. "ओळखू आला नाही ना? मग या," सुखदेव ऐटीत सांगत. सात माणसं जिना चढली. खोली राहिली. सुखदेवांना पुन्हा झोप लागू लागली.

एका रविवारी ते हिराबरोबर मंडईत गेले. वीस वर्षांपासूनच्या ओळखीची भाजीवाली, मुक्ताबाई. कुणीतरी तिला मोबाइलवर दाखवलंच असणार. वांगी तोलता तोलता तिनं हिराच्या उजव्या डोळ्यात पाहिलं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. शेजारच्या दोघीही बोलायच्या थांबल्या.

हिरानं पदर पुढे ओढला नाही. माप घेताना बसायची तशी ती ताठ उभी राहिली, समोर बघत, त्यांचं बघून होईपर्यंत.

"झालं असंल तर तराजूकडं बघा, मुक्ताबाई," ती म्हणाली.

पिशवी धरून शेजारी उभ्या असलेल्या सुखदेवांनी मान खाली घातली.