मनगटाचा पट्टा

उकंडरावांनी दुकानाबाहेर उभ्या केलेल्या मोटारसायकलवर बसून डाव्या हाताने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि मान हलवत खाली उतरले. मनगटावरचा निळा पट्टा सोडवून त्यांनी काउंटरवर ठेवला. तिथे आधीचे दोन पडलेच होते.

"हाबी नाई जमत," ते म्हणाले. "याच्यात पत्ती हाये. मनगट वाकतच नाई, तं क्लच पुरा दबन कसा?"

"वाकू नये म्हणूनच पत्ती असते, काका," नरेंद्र म्हणाला. "हा रातच्याले झोपताना घालाचा. गाडीवर नाई."

वाशीमच्या दवाखान्यासमोरच्या ओळीतलं हे दुकान नरेंद्रचं. कुबड्या, कमरेचे पट्टे, वाफ घ्यायची यंत्रं असा सगळा दुखण्याचा बाजार. गिऱ्हाईक साधारणपणे डॉक्टरची चिठ्ठी पुढे करतं, वस्तू घेतं आणि जातं. उकंडराव मात्र एकेक पट्टा बांधून रस्त्यावर जात होते, गाडीवर बसत होते आणि नापसंत करून परत येत होते. पोरीसाठी स्थळं पाहतानाही त्यांनी एवढी चिकित्सा केली नव्हती. पहिला पट्टा म्हणजे नुसती लवचीक नळी होती, ती चार वेळा मूठ उघडझाप केली की तळहातावर सरकून यायची. दुसरा जाड होता. त्यात हात असा घामेजला की मूठच घसरायला लागली.

नरेंद्रने खालच्या खणातून चौथा काढला. काळा, हाताच्या पंजाएवढा रुंद, अंगठा अडकवायला एक वेटोळं आणि चिकटपट्टी.

"हा पाहा. बोटं मोकळी राह्यतात. फक्त आवळू नका लय. पट्ट्याखाली एक बोट गेलं पाह्यजे. नाई तं पट्ट्यानंच मुंग्या येतीन, अन् तुमी म्हणसान नरेंद्रनं फसवलं."

या वेळी तो स्वतःही बाहेर आला. उकंडराव गाडीवर बसले तसा तो वाकून त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

"काका, तुमचा क्लच लय वर हाये. मनगट मोडून धरता तुमी. पाना हाये का?"

गाडीच्या पेटीतून पाना निघाला. नरेंद्रने क्लचचा दांडा सैल करून थोडा खाली झुकवला आणि पुन्हा आवळला. कोपरापासून बोटांपर्यंत हात आता एका रेषेत आला. उकंडरावांनी क्लच दाबला. गेली दोन वर्षं ज्या ठिकाणी कळ उठायची, तिथे काहीच उठलं नाही. त्यांनी पुन्हा दाबला आणि लहान पोरासारखे हसले.

"अन् वजन हातावर टाकू नका. मांडीनं टाकी धरून बसा," नरेंद्र म्हणाला. "दुसरं काही जड काम करता का या हातानं?"

"काम काय, चार एकर वावर. अन् ही गाडी."

हेच उत्तर त्यांनी तासाभरापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनाही दिलं होतं. डॉक्टरांनी रोज किती किलोमीटर होतात ते विचारलं, साठ-सत्तर ऐकून भुवया उंचावल्या आणि गाडीचाच त्रास आहे म्हणून चिठ्ठी लिहिली. उकंडराव खोटं बोलले नव्हते. त्यांनी फक्त अर्धं सांगितलं होतं. गाडीच्या मागच्या सीटला पोत्यात गुंडाळलेला एक जार बांधलेला होता, तो नरेंद्रला दुधाचा वाटला असावा.

त्या जारमध्ये दूध नव्हतं. नायट्रोजनच्या गारठ्यात जातिवंत वळूंचं बीज होतं. सत्तावीस वर्षं उकंडराव मेडशीच्या आसपासच्या गावांमधून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करत फिरत होते. लोक त्याला सरळ 'इंजेक्शन' म्हणत आणि उकंडरावांना 'डाक्टर'. ते डॉक्टर नव्हते, पण हे आता त्यांनाही आठवत नसे. उजव्या हातात नळी आणि डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात. सगळी विद्या त्या डाव्या हाताची. आत काही दिसत नाही. बोटांना जे कळेल तेच खरं. गाय गाभण आहे की खाली, हे उकंडराव दोन मिनिटांत सांगत आणि त्यावर लोक गाय ठेवत किंवा विकत.

तो हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी दोष रस्त्याला दिला. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा क्लचला दिला. सदऱ्याची बटणं लावताना अंगठा चुकायला लागला तेव्हा विजयमालाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, हात दाखवून या म्हणून टुमणं लावलं. तेही त्यांनी कानाआड केलं. पण दसऱ्याच्या आधी दौलतसिंगच्या गाईचं प्रकरण झालं. तांड्यावरच्या या माणसाची गाय त्यांनी तपासली, खाली आहे म्हणून छातीठोकपणे सांगितलं आणि पुन्हा इंजेक्शन केलं. आठ दिवसांनी गाईने गाभ टाकला. म्हणजे ती खाली नव्हती; गाभण गाईलाच इंजेक्शन झालं होतं, आणि त्यानेच गाभ पडला होता. उकंडरावांनी गोठ्यात उभं राहून चाऱ्यातल्या सोयाबीनच्या बुरशी लागलेल्या कुटाराला नावं ठेवली, आणि दौलतसिंगने मान डोलावली. त्याने विश्वास ठेवला, हेच उकंडरावांना जास्त लागलं. त्या दिवशी आपण इंझोरीकडून खड्ड्यांतून आलो होतो, हात हादऱ्यांनी सुन्न झाला होता, असं त्यांनी मनाला समजावलं. हादरे थांबले की हात ताळ्यावर येईल. म्हणून तर पट्टा निवडायला एवढा वेळ.

काळा पट्टा त्यांनी पसंत केला.

मालेगाव मागे पडेपर्यंत त्यांचं सगळं लक्ष मनगटावरच होतं. दोन्ही बाजूंच्या वावरांतून सोयाबीन निघून गेलं होतं, तूर उभी होती. रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये. ट्रकच्या मागे अडकून त्यांना पाच-सहा वेळा गिअर बदलावा लागला आणि एकदाही कळ आली नाही. ते चक्क गुणगुणायला लागले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गाडी कडेला घेऊन त्यांनी उचलला.

"डाक्टरभाऊ, येता ना?" तिकडून तांड्यावरची कमलीबाई. "उद्या सकाळी व्यापारी येऊन राह्यला. अन् परवा आमची गाडी हाये."

"येतोच. अर्ध्या घंट्यात पोचतो."

परवा कमलीबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार होती. पाच-सहा महिने गाय कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. गाय गाभण असेल तर दीर सांभाळायला तयार होता. बाई परत येईल तेव्हा वासराचे दिवस भरत आलेले असतील. खाली असेल तर तिला फुकट चारा घालण्यात अर्थ नव्हता, व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. कमलीबाईच्या घरात ही पहिलीच गाय. आखाडात उकंडरावांनीच तिला इंजेक्शन केलं होतं.

तांड्याकडचा कच्चा रस्ता दोन किलोमीटरचा होता. गिट्टी टाकून ठेकेदार गायब झालेला. उकंडरावांनी मांडीने टाकी धरली, हात सैल ठेवले. मनगट शांत होतं. नरेंद्रला एकदा चहा पाजला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं.

गाय निंबाखाली बांधून ठेवली होती. कमलीबाईने बादलीभर पाणी आणि साबण तयार ठेवला होता. गाईचं दावं धरून कमलीबाईचा दीर उभा होता. तो दौलतसिंग होता. म्हातारी आई आजारी म्हणून तो यंदा मागे राहणार होता.

"राम राम, डाक्टर," तो म्हणाला, नेहमीसारखाच.

"राम राम."

उकंडरावांनी पट्टा सोडून गाडीच्या आरशाला अडकवला, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, साबण लावला आणि डावा हात आत घातला. मनगट दुखलं नाही. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले, तपासताना ते नेहमीच मिटत.

आणि त्यांना काहीच कळलं नाही.

मऊ लागत होतं, गरम लागत होतं, पण त्यापुढे काही नाही. हातमोजा घालून तांदळातले खडे निवडावेत तसं ते चाचपत राहिले. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं जागेवर होती, हलत होती, सांगत मात्र काही नव्हती. आज खड्डे नव्हते. क्लच खाली होता. पट्टा नवा होता. बोट दाखवायला काही उरलं नव्हतं.

"काय हाये, डाक्टरभाऊ?" कमलीबाईने विचारलं.

दोनच उत्तरं होती आणि दोन्ही सोपी होती. खाली म्हटलं तर गाय उद्या सकाळी जाईल आणि खरं-खोटं कोणाला कळणारच नाही. गाभण म्हटलं तर बाई खुशीत गाडीत बसेल, पुढचं पुढे. सत्तावीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आताही विचारलं नसतं. त्यांनी हात बाहेर काढला.

"मले समजून नाई राह्यलं."

"काहून?" दौलतसिंगने दावं आखूड धरलं. "नीट उभी नाई का?"

"गाय बराबर उभी हाये. माह्या हाताले समजत नाई. बोटं सुन्न पडतात."

"आज?"

"आजचंच नाई."

"मंग कवापासून?"

गाडी समोरच उभी होती. रस्ता, हादरे, क्लच, सगळं उकंडरावांच्या जिभेवर तयार होतं; घटकाभरापूर्वीपर्यंत ते त्यांना खरंही वाटत होतं. त्यांनी हातमोज्यावरून ओघळणाऱ्या शेणपाण्याकडे पाहिलं.

"पोळ्याच्या आंदीपासून," ते म्हणाले.

दौलतसिंगची गाय त्यांनी पोळ्यानंतर तपासली होती. हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. कमलीबाईने दिराकडे पाहिलं आणि उगाचच बादली इकडची तिकडे सरकवली. दौलतसिंग गाईच्या मानेवरची गोचीड शोधायला लागला. शोधून काढली, पायाखाली चिरडली. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं उकंडरावांना वाटलं. शिवी खाऊन निदान निघता तरी आलं असतं.

"अन् उजवा?" दौलतसिंगने विचारलं.

"उजवा काय?"

"उजवा हात चांगला हाये ना?"

"हाये. पण त्याले सवय नाई."

"घाला मंग तो."

उकंडरावांनी दुसरा हातमोजा उजव्या हातावर चढवला. उजव्या हाताने इतकी वर्षं फक्त नळी धरली होती, आतला रस्ता त्याला ठाऊक नव्हता. जे डाव्याला आपोआप सापडायचं ते इथे उलट्या बाजूला होतं, दोनदा चुकलं. गाईने पाय आपटला. कमलीबाईने तिची शेपटी बाजूला ओढून धरली, दौलतसिंग गाईशी तांड्याच्या बोलीत काहीबाही बोलत राहिला. उकंडरावांनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले होते. हळूहळू तळव्याला एक जडपणा लागला, पाणी भरलेल्या पिशवीसारखा. त्यांनी बोटांनी तो हलकेच ढकलला. आतून काहीतरी येऊन टेकलं आणि पुन्हा दूर गेलं. त्यांनी परत ढकललं. परत तेच झालं.

"मले वाटते, हाये," ते म्हणाले.

"वाटते?" कमलीबाईने विचारलं. हा शब्द तिने या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"वाटतेच म्हणतो. हा हात नवा हाये. उद्या सरकारी डाक्टरले आणा, थे पक्कं सांगतीन. मीच फोन लावतो त्यायले."

कमलीबाईने क्षणभर विचार केला. "मंग व्यापाऱ्याले उद्या येऊ नको म्हणते," ती म्हणाली, आणि फोन आणायला घराकडे वळली.

उकंडराव हातमोजे उतरवून गाईपासून बाजूला झाले. दौलतसिंगने दावं खुंटीला बांधलं, बादलीतून तांब्या भरून घेतला आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दौलतभाऊ, तुमच्या गाईचं..." उकंडरावांनी सुरुवात केली.

"तवाच सांगतलं असतं," दौलतसिंग म्हणाला, "तं तवाच पाह्यलं असतं या उजव्या हातानं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. दौलतसिंगने तांब्या कलता केला, आणि उकंडरावांनी दोन्ही हात पुढे धरले.