लावलेली खिडकी

कॉलेजच्या प्रदर्शनाला अम्माला नेलं ही माझीच हौस. तंजावूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इंजिनातलं ज्वलन कॉम्प्युटरवर घडवून पाहते. तिथं खरं पेट्रोल नाही, धूर नाही, हाताला काळं लागत नाही. त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी अखिला दिवसभर खुर्चीत बसून रंगीत चित्रं बघते आणि त्याचा पगार घेते. निदान आईला तरी कळावं म्हणून तिला माझ्या पडद्यासमोर उभं केलं.

सिलिंडरची पोकळी आम्ही बारीक बारीक घरांत वाटून घेतो. प्रत्येक घरात हवा किती, इंधन किती, तापलंय किती, हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला काढत जातो आणि पडद्यावर ठिणगीपासून ज्वाळा पसरताना दिसते. अम्मा कौतुकानं बघत होती. कोपऱ्यातल्या एका निळ्या डागावर बोट ठेवून हे काय म्हणून तिनं विचारलं, आणि मी पोपटासारखी बोलत सुटले. तिथं हवा पुरली नाही म्हणून इंधन अर्धवट जळलं. त्यातून जो वायू होतो त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला तो झोपेतच नेतो. एवढं बोलून झाल्यावर मी जीभ चावली. अम्माचं बोट अजून त्या निळ्या डागावरच होतं.

माझा धाकटा भाऊ श्रीहर्ष तसाच गेला होता.

तो ओरत्तनाडूला तालुका कचेरीत होता आणि अम्मा त्याच्याकडे राहत होती. गज नावाच्या चक्रीवादळात तिथली नारळाची झाडं आडवी झाली, वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. गल्लीतल्या पाण्याच्या टाक्या भरायला श्रीहर्षनं जनरेटर आणला. पाऊस सुरू झाला तेव्हा तो भिजू नये म्हणून मागच्या खोलीत घेतला, आणि लक्ष राहावं म्हणून स्वतः शेजारीच चटई टाकून आडवा झाला. वादळाच्या कामात राबून राबून त्याचं अंग मोडलं होतं. त्या घरघरीतही त्याला गाढ झोप लागली. खिडकीतून पावसाची झड त्याच्या पायांवर येत होती. अम्मानं आवाज न करता खिडकी लावली, दार लोटलं आणि समोरच्या घरी भात द्यायला गेली. परत आली तेव्हा सगळं संपलं होतं.

खिडकी उघडी असो की बंद, जनरेटर घरात आणायचाच नसतो, हे पोलिसांपासून भटजींपर्यंत सगळ्यांनी अम्माला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून आमच्या तंजावूरच्या घरात एकही खिडकी लागलेली नाही. डास येतात, शेजारचं मांजर येऊन दूध पिऊन जातं, ऐप्पसी महिन्याच्या पावसात गाद्या भिजतात. मी चिडचिड करते आणि फडकं घेऊन पुसत बसते.

प्रदर्शनाहून घरी आल्यावर तिनं कॉफी केली, माझ्यासमोर टंब्लर ठेवला आणि समोर बसली.

"खरें सांग, अखिला. ती खिडकी मी लावली नसती, तर श्रीहर्ष राहिला असता का? तुझ्या त्या कॉम्प्युटराला कळेल ना?"

नाही, असं म्हणायला माझी जीभ तयारच होती. पण ते 'नाही' मला खरं असायला हवं होतं. उद्या बघून सांगते म्हणाले.

त्याच बनावटीच्या जनरेटरची मापं मिळवून मी इंजिन उभं केलं आणि त्याला एक खोली जोडली. बंद खोलीत इंजिन आपलाच धूर पुन्हा आत ओढतं. हवेतला प्राणवायू घटतो, इंधन आणखी अर्धवट जळतं, विष आणखी वाढतं. हे मी वर्गातल्या मुलांना कितीदा शिकवलं असेल. पण यावेळी त्या खोलीत, डाव्या भिंतीशी, एक चटई होती. ती पडद्यावर दिसत नव्हती, मला दिसत होती.

मग मी खिडकी उघडी ठेवून पाहिलं. विष तेव्हाही साचत होतं, पण हळू. अम्मा परतली असती तेव्हा श्रीहर्ष शुद्धीवर नसता, पण त्याचा श्वास चालू असता. तिनं त्याला ओढून अंगणात आणलं असतं.

आमच्या धंद्यात उत्तराला थोडंसं वळवणं सगळ्यांनाच जमतं, मलाही जमतं. मी वारा कमी केला. इंजिन आणखी जुनं धरलं. खिडकी लहान केली, मग आणखी लहान. मला हवं ते उत्तर येईपर्यंत ती खिडकीच राहिली नाही, नुसतं भोक उरलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. इतकी वर्षं तो वाचलाच नसता असं मीही धरून चालले होते, तेवढा आधारही आता गेला.

घरी येऊन मी वर्गातल्या आवाजात अम्माला सांगितलं, की खिडकीनं काही फरक पडला नसता. जनरेटर आत आला तेव्हाच सगळं ठरलं होतं. नीट पाहिलंस ना, एवढंच तिनं विचारलं. नीट पाहिलं म्हणाले. ती मान हलवून उठली आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

तिन्हीसांजेला पाऊस आला. मी दमून खाटेवर पडले होते, डोळे मिटलेले होते पण जागी होते. खिडकीतून झड माझ्या पायांवर येऊ लागली. पावलं वाजली. अम्मानं आवाज न करता खिडकीचं दार ओढून घेतलं, अगदी हलकेच. वाटलं, सुटली बिचारी. माझं खोटं कामी आलं.

पण कडी वाजली नाही. मी डोळे उघडले. खिडकी हातभर उघडी ठेवून ती कडीवर हात ठेवून उभी होती आणि तो हात पुढे जात नव्हता. मी जागी आहे हे तिला कळलं.

"तू सांगितलेंस तें मनाला पटलें गे," ती म्हणाली. "हाताला पटत नाही."

मी उठून तिचा हात कडीवरून काढला आणि माझ्या हातात घेतला. तिचा हात चुकत नव्हता, आणि हे मी तिला जन्मात सांगू शकणार नव्हते. पाऊस आत येत राहिला. आम्ही दोघी तिथंच भिजत उभ्या होतो.