सिप्योकाकाचा पोरगा

आम्ही रताळी खणत होतो तेव्हा तो आला. पायात चकचकीत बूट, आणि थेट वाफ्यातच उभा. मिंडाआत्यानं नुसतं वर बघितलं.

"मी आयझेया. न्यूयॉर्कहून आलोय, सिप्योचा मुलगा."

सिप्योकाका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. तरुणपणी आमचं बेट सोडून उत्तरेला, न्यूयॉर्कला गेला, तिकडंच मेला. त्याला पोरगा आहे हे आम्ही ऐकलं होतं, बघितलं कुणीच नव्हतं.

"आत्या, आपली हद्द कुठवर? अगदी खाडीपर्यंत?"

मी कुदळ टाकली. आत्या माझ्या कानाशी लागली, "बघितलंस? पानी मागितलं न्हाई, हद्द इचारली."

जमीन पणजोबांची, गुलामीतून सुटल्यावर घेतलेली, वाटणी कधी झालीच नाही. सगळ्या वारसांची ती मिळून. एकानं हिस्सा विकला की घेणारा वाटणी मागायला कोर्टात जातो आणि सगळीच लिलावात निघते. शेजारच्या बेथलीबाईचं तसंच झालं. तिच्या भेंडीच्या रानात आता गोरे लोक गोल्फ खेळतात, आणि आईबापाच्या कबरीवर जायला तिला फाटकावर परवानगी मागावी लागते.

"तोतया हाय आत्ये. हाकलू या," मी पुटपुटले.

"थांब जरा. आईच्या कबरीवर नेऊ त्याला. घरचा हाय का न्हाई, तितं कळंल."

झाडाखाली आजीची कबर. वर तिनं शेवटी वापरलेला निळा कप, चमचा, दिव्याची काच आणि शिंपले. आत्यानं आवाजात साखर घातली.

"घे की त्यो कप. आजीची आठवन म्हनून. तुज्या घरात शोभून दिसंल."

घे रे मेल्या, मी मनात म्हणत होते. उचल, म्हणजे सुटलो.

तो दोन पावलं मागं सरला. हात पाठीशी नेले.

"नको आत्या! कबरीवरचं उचललं तर मेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. लहानपणी मी तिकडं एका कबरीवरची बाहुली उचलली होती. बाबांनी अशी कानफटात दिली!"

बोलताना त्याची एकच भुवई वर गेली. हुबेहूब सिप्योकाका. आत्यानंही ते बघितलं. पोरगा खरा, म्हणजे हिस्साही खरा.

परतताना त्यानं विचारलंच, "आत्या, माझा हिस्सा साधारण किती होईल?"

घरात येऊन आत्यानं टोमॅटोच्या लाल भाताचं पातेलं उघडलं, त्याच्या ताटात कोळंबी वेचून घातली. मी स्वयंपाकघरात तिचा हात धरला.

"ह्याला वाढतीस?"

"खोटा असता तर कुत्रं सोडलं असतं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता वाढावंच लागंल गं."