पिवळ्या रंगाची गल्ली

आम्रपाली खराडीतल्या एका कंपनीत शहराचे नकाशे तपासायची. सोमवारी लोकांसाठी खुला होणारा नकाशा बघताना ती मध्येच थांबली. मांजरीतली तिची गल्ली त्यात नव्हती. चाळीस घरं आणि बुद्धविहार यांच्या जागी नुसता पिवळा रंग होता, आणि खाली लिहिलं होतं: मोकळी जमीन, ०.६ हेक्टर.

ती साहेबीण श्यामलाबाईंकडे धावली.

"मॅडम, इथे मी राहते."

"म्हणूनच तुला त्या भागात बदल करता येणार नाही, स्वतःच्या घराचा नकाशा स्वतः बदलायचा नाही असा नियम आहे. दुरुस्तीचा अर्ज कर."

"पण तोवर नकाशा खुला होईल!"

"होईल," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

तिने अर्ज केला. दोन रात्री तिला झोप लागली नाही. सोमवारी नकाशा तसाच, पिवळ्या रंगासकट खुला झाला.

बुधवारी दुपारी आईचा फोन आला. "अगं, दोघंजण फीत घेऊन आलेत. विहाराची भिंत मोजतायत. चहा देऊ का?"

"कोणी पाठवलंय त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, 'नकाशात मोकळी जागा दिसली, ती बघायला आलोय.'"

"आई, चहा नको. शेजारच्यांना बोलाव, सगळे विहारात जाऊन बसा," आम्रपाली म्हणाली. तिने गाडीची किल्ली उचलली. "मी निघाले."